मडक्याच्या बुडावरचे नाव

चैत्र संपत आला की चंद्रपूरच्या रस्त्याकडेला माठांच्या रांगा लागतात. आपल्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो हे कोणाला नव्याने सांगायला नको. खाणीतून, कागद कारखान्यातून, सिमेंटच्या धुळीतून घरी आलेल्या माणसाला फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा माठातले पाणी गोड लागते, हेही सांगायला नको. मात्र हा माठ कोणी केला, त्यावरची पांढरी वेल कोणाच्या बोटांनी काढली, हे आपण विचारत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. आमच्या ओळखीच्या एका घरात त्यावरून भांडण झाले, तेव्हा विचारावे लागले.

घर आपल्याच समाजातले. वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बारावी झाली, पुढे बी.ए.ला नाव घातले आणि मध्येच कुंभारकामाच्या शिबिराला जाऊन आली. परत आली ती हातात एक ओबडधोबड वाडगा घेऊन. तो तिने ताखावर, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला. वडिलांनी तो तिथून उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. बोलले काही नाहीत. बोलले ते रात्री.

त्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले. "पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं बांधत होते, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. माझ्या आज्याला गावात पाणी प्यायला फुटकं गाडगं मिळत होतं. आपण ते सगळं फेकून दिलं आणि शाळेत गेलो. अन् ही पोरगी पुन्हा चिखलात हात घालते!"

या माणसाला खोटे ठरवता येत नाही. मडक्याची ती गोष्ट बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात नोंदवून ठेवली आहे. मातीच्या भांड्याला आपल्या देशात विटाळाचा जो इतिहास आहे तो तांब्या-पितळेला नाही. धातूचे भांडे आपला हात लागला तरी घासून, विस्तवावर धरून 'शुद्ध' करून घेता येत असे. मातीचे फोडूनच टाकत. एकच वस्तू, पण एका घरी ती लग्नाच्या बोहल्याजवळ रचली जाई आणि दुसऱ्या घरच्या माणसाच्या हातात फुटकी दिली जाई. दोष मातीचा नव्हता, हे वडिलांनाही कळते. पण कळणे आणि विसरणे यांत अंतर आहे.

म्हणून आम्ही ठरवले की वाद घालण्याआधी माती पाहून यावी.

मूलहून चामोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे कुंभारांची मोजकीच घरे उरली आहेत. त्यांतल्या एका घरी सत्तरी ओलांडलेली एक आजी आहे. आमच्या ओळखीची मुलगी तिच्याकडे नक्षी शिकायला जाते. आम्ही तिच्यासोबत गेलो.

माती येते मामा तलावातून. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत असे तलाव गावोगाव आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाची चिकण माती उघडी पडते. ती आणायची, वाळवायची, फोडायची, खडे वेचायचे, भिजवायची, मग पायांनी तुडवायची. त्यात राख, चाळलेली लीद, कधी बारीक वाळू मिसळतात. नुसत्या चिकण मातीचे भांडे वाळताना तडकते. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. माठ पाणी गार करतो तो या छिद्रांमुळेच. पाणी छिद्रांतून झिरपून बाहेरच्या अंगावर येते, वाऱ्याने वाळते आणि वाळता वाळता आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून भगिनींनो, बाजारात ऑइल पेंट मारलेले चकचकीत माठ मिळतात, ते घरात आणू नका. रंगाने छिद्रे बुजतात आणि माठाचा नुसता डबा होतो.

चाकावर आजीचा मुलगा बसतो. मडक्याचे तोंड आणि खांदा चाकावर होतो, पण पोट तिथे पुरे होत नाही. ते जाड आणि लहान असते. मग ते आजीकडे येते. डाव्या हातात गोल दगड धरून तो आतून लावायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून थोपटत जायचे. थप थप थप, असे कितीतरी वेळ. भिंत पातळ होत जाते आणि पोट फुगत जाते. त्यानंतर काव, म्हणजे गेरूचे पाणी, फडक्याने फिरवायचे. मग वाळवण. मग आवा. लग्नासाठीच्या मडक्यांवर भाजल्यानंतर चुन्याने, गेरूने रेघा, ठिपके, वेली, पाखरे काढायची. हे सगळे आजी करते, सून करते.

आम्ही विचारले, "आजी, तुम्ही चाकावर कधी बसल्या?"

आजी हसली. "बाईनं चाकाले हात लावत नाही, बाप्पा. माह्या सासूनं नाही लावला, मी नाही लावला."

"कायले?"

"कायले म्हंजे? तसंच हाय."

ही चाल फक्त या गावची नाही. देशभर कुंभारांच्या घरांत ती आढळते. माती बाई तुडवते, थापते, रंगवते, आवा रचायला हात लावते, डोक्यावर टोपले घेऊन बाजारात विकते. पण ज्यावरून धंद्याला ओळख मिळते त्या चाकाला तिने शिवायचे नाही. विटाळ म्हणजे काय हे ज्यांना शिकवावे लागत नाही, त्या आपल्या समाजातल्या बायांना हे वाक्य लगेच कळेल. वरच्या जातींनी जे आपल्याशी केले, ते घराघरांत बाईशी झालेच. बौद्ध घरेही त्याला सरसकट अपवाद नाहीत, हेही या पानावर म्हणून ठेवतो.

आता थोडे दूर जाऊ या. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही कोरडी, उन्हाची राज्ये आहेत. तिथे पुएब्लो नावाने ओळखले जाणारे मूळ रहिवासी राहतात. पुएब्लो हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव. न्यू मेक्सिकोत अशी १९ गावे आहेत, आणि होपी लोकांची वस्ती ॲरिझोनात. स्पॅनिश लोकांनी त्यांना गुलामासारखे राबवले, त्यांचा धर्म बंद पाडला, तेव्हा १६८० साली पोपे नावाच्या माणसाच्या पुढाकाराने बहुतेक गावांनी मिळून उठाव केला आणि बारा वर्षे स्पॅनिशांना बाहेर ठेवले.

या लोकांची मडकी जगात नावाजलेली आहेत, आणि ती चाकाशिवाय होतात. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक वेटोळ्याने चढवायच्या, सुकलेल्या भोपळ्याच्या तुकड्याने घासून भिंत सारखी करायची, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घोटायचे. (आमच्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया घरांत पाण्याला भोपळ्याचा तुंबा असतो. भोपळा दोन्हीकडे कामाला येतो, हे वाचून आम्हाला गंमत वाटली.) रंगाला ब्रश म्हणून युक्का नावाच्या झाडाच्या पानाचा शेंडा चावून त्याचे तंतू मोकळे करतात. काळा रंग एका रानभाजीसारख्या झाडाचा पाला उकळून, आटवून करतात. अकोमा गावात जुन्या फुटक्या मडक्यांची खापरे दळून नव्या मातीत मिसळतात. पणजीचे मडके पणतीच्या मडक्यात जाते. भट्टी म्हणजे उघड्यावर रचलेल्या शेणाच्या गोवऱ्या. आपल्या आव्याशी हिचे नाते अगदी जवळचे.

आणि मडके तिथे बाईचे. घडवणार ती. नवरा, मुलगा, भाऊ मदतीला, पुष्कळदा नक्षी काढायला.

होपी लोकांच्या मुलखातल्या हानो या वस्तीत नाम्पेयो नावाची बाई होऊन गेली. जन्म १८५९च्या सुमाराचा, मृत्यू १९४२चा. तिच्या काळात रेल्वे आली, लोखंडाची आणि पत्र्याची भांडी आली आणि जुनी कारागिरी उतरणीला लागली. जवळच सिक्यात्की नावाचे ओसाड पडलेले गाव होते. १८९५ साली तिथे उत्खनन झाले आणि नाम्पेयोचा नवरा त्या खोदकामावर मजूर होता. त्या खापरांवरची नक्षी नाम्पेयोने निरखली आणि तिच्यातून स्वतःची नक्षी उभी केली. उतारवयात तिची दृष्टी गेली. तरी ती हातांच्या अंदाजाने मडकी घडवत राहिली आणि घरचे लोक ती रंगवत राहिले.

दुसरी बाई मारिया मार्टिनेझ, सान इल्डेफोन्सो गावची, जन्म १८८७. तिच्या नवऱ्याचे नाव ज्युलियन. ती घडवी, तो रंगवी. १९१९-२०च्या सुमारास या दोघांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. घोटून चकचकीत केलेल्या मडक्यावर मातीच्या लेपाने चित्र काढायचे आणि भट्टी ऐन भरात असताना तिच्यावर बारीक शेणखत टाकून तिचा श्वास कोंडायचा. धुराने मडके काळेकुट्ट होते. लेप लागलेला भाग मंद दिसतो, बाकीचा आरशासारखा. आमच्या आजीला आम्ही हे सांगितले तेव्हा तिला नवल वाटले नाही. "काळं गाडगं करायचं तं आवा दाबा लागते, धूर कोंडा लागते," एवढेच ती म्हणाली. हजारो मैलांवरच्या दोन बायांना आगीचे वागणे सारखेच माहीत.

पण मारियाने आणखी एक काम केले, ते आमच्या आजीच्या घरी कधी झाले नाही. १९२०च्या दशकात तिने मडक्याच्या बुडावर आपले नाव घालायला सुरुवात केली. पुएब्लो मडक्यांवर तोवर नाव नसे. गावाचे मडके, कोणाचेच नाही. नाव आले आणि दाम वाढला. शेजारणींनी म्हटले, आमच्याही मडक्यांवर तुझे नाव घाल, म्हणजे तीही विकली जातील. आणि मारियाने घातले, असे तिच्याबद्दल सांगतात. १९८० साली ती वारली. पुढे नकली माल इतका झाला की अमेरिकेच्या सरकारला १९९० साली कायदा करावा लागला. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

लहान मुलांसाठी म्हणून एक सांगायचे राहिले. कोचिती गावच्या हेलन कॉर्डेरो या बाईने १९६४ साली मातीची एक बाहुली केली. तोंड उघडून गोष्ट सांगणारा म्हातारा आणि त्याच्या अंगाखांद्यावर बिलगलेली पाच पोरे. तो म्हातारा म्हणजे तिचे आजोबा. आज अशा गोष्टीवाल्या बाहुल्या तिकडे घरोघर करतात.

आता परत आपल्याकडे.

रंगवलेले मडके महाराष्ट्राला नवे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तिथे लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी निघाली आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या साऱ्या संस्कृतीला त्या गावाचेच नाव मिळाले. भीमा खोऱ्यातल्या इनामगावला तर कुंभाराची भट्टीच सापडली. विदर्भात दगडांची वर्तुळे रचून केलेल्या दफनांमध्ये काळी-तांबडी भांडी निघतात, आतून काळी, बाहेरून वरच्या काठाला काळी आणि खाली तांबडी. पालथे ठेवून भाजले की आतल्या अंगाला वारा लागत नाही म्हणून ते तसे होते, असे जाणकार सांगतात. ती भांडी करणाऱ्यांची जात कोणालाही सांगता येत नाही, याचा आम्हाला आनंद वाटतो.

आणि भद्रावती. विजासन टेकडीतली बुद्धलेणी पाहायला आपण सहकुटुंब जातो, डबे घेऊन जातो. त्याच भद्रावतीत कुंभारकामाची एक मोठी जागा आहे, तिथे मात्र कमी लोक वळतात. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून आलेले कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली तिथे ग्रामोदय संघ सुरू केला. गांधीवादी मंडळींशी आपले जुने मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवत नाही. खेडे म्हटले की त्यांना स्वावलंबन दिसते, आपल्याला गावकूस दिसते. पण कुंभाराच्या जुन्या हाताला सुधारलेले चाक, सुधारलेली भट्टी आणि चिनी मातीचे शास्त्र मिळाले पाहिजे, हा विचार मात्र खरा होता. साधा आवा ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो आणि त्यात माठ, पणती, कवेलू होतात. पाणी न झिरपणारी, झिलईची बरणी किंवा कप करायचा तर १२०० अंशांच्या वर जाणारी बंद भट्टी लागते. कोळशाच्या थरांसोबत सापडणारी, आगीला टिकणारी माती आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या जमिनीतून आपले बाप कोळसा काढतात, तिच्यातच हा दुसरा माल पडलेला आहे.

सरकारचीही योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामांमध्ये कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. फक्त तिच्या नियमांत 'कुटुंबात चालत आलेला पारंपरिक व्यवसाय' असे शब्द आहेत, तिथे आम्ही थबकतो. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे हीच जातीची युक्ती, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. कुंभाराच्या पोराला डॉक्टर व्हायचे तर त्याला व्हायला मिळावे, आणि खाणमजुराच्या पोरीला मडके घडवायचे तर तिला घडवायला मिळावे. यातले एक मान्य आणि दुसरे अमान्य असे करता येत नाही.

आमच्या ओळखीच्या मुलीच्या वडिलांना आम्ही हेच म्हटले. त्यांना एक गोष्टही सांगितली, ती 'मज्झिम निकाया'तल्या घटिकार सुत्ताची. कस्सप बुद्धांच्या काळी वेभळिंग गावात घटिकार नावाचा कुंभार राहत होता. आंधळ्या, म्हाताऱ्या आईबापांना तो पोसत होता. जीव मरू नयेत म्हणून जमीन खणत नसे. नदीकाठची ढासळलेली, उंदरांनी उकरलेली माती तेवढी आणायचा. मडकी करून बाहेर ठेवायचा, ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग ठेवून न्यावे. जोतिपाल नावाचा ब्राह्मण तरुण त्याचा मित्र होता. बुद्धांकडे चल म्हटले तरी येईना, तेव्हा घटिकाराने त्याचे नुकतेच धुतलेले केस धरले आणि ओढले! कुंभाराने ब्राह्मणाच्या शेंडीला हात घातला, इतके महत्त्वाचे काही असलेच पाहिजे, असे वाटून जोतिपाल निघाला.

वडील इथे पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "ते सुत्तातलं झालं, भाऊ. बाजारातलं सांगा."

बाजारातले सांगण्यासारखे नाही. मुलीने पहिल्या दिवाळीला रंगवलेल्या दोनशे पणत्या आणि तीस फुलदाण्या शहरातल्या एका दुकानदाराला दिल्या. दुकानदाराने तिला मोजून पैसे दिले आणि प्रत्येक वस्तूला आपल्या दुकानाची चिठ्ठी चिकटवून तिप्पट भावाने विकल्या. चिठ्ठीवर लिहिले होते, 'आदिवासी कला'. ती आदिवासी नाही, नक्षी कुंभार आजीने शिकवलेली, आणि दुकानदार दोघींपैकी कोणीच नाही. ती भांडायला गेली तेव्हा उत्तर मिळाले की मातीच्या वस्तूला नाव लागत नसते. मारियाच्या गावात नकली मालासाठी कायदा झाला. आपल्याकडे दिवाळीच्या गर्दीत कोण विचारतो?

तेव्हापासून ती ओल्या बुडावर काडीने दोन अक्षरे कोरते. एक स्वतःच्या नावाचे, एक आजीच्या. आजीने आधी नको म्हटले. तिला लिहिता येत नाही. आपले अक्षर कसे दिसते हे तिने मुलीकडून मातीवर काढवून घेतले आणि कितीतरी वेळ बोटाने गिरवत बसली.

आम्ही गेलो त्या दिवशी आवा पेटवायचा होता. खाली लाकूड, वर गोवऱ्या, मधे मडकी, पुन्हा गोवऱ्या, वरून तणस आणि राखमातीचा लेप. लाकडाचा प्रश्न मोठा आहे. जंगल चारी बाजूंना, पण सरपण आणायचे तर भीती. एकीकडे वनखात्याचा नियम, दुसरीकडे वाघ. आजीची सून म्हणाली, मागच्या वर्षी दोन आवे कमी लागले, कारण पहाटे रानात जायला कोणी तयार नव्हते.

दुपारी आम्हाला तहान लागली. ओसरीत रांजण होता. आमच्यासोबतची मुलगी उठून सहज रांजणाकडे गेली, गडवा बुडवला, आधी आम्हाला दिला, मग स्वतः प्याली. आजी थापी चालवत होती. तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. तिची सासू या मुलीच्या आजीला पाणी कसे वाढत असेल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी त्याबद्दल बोलले नाही.

परतताना आजीने चाकाकडे बोट दाखवले. मुलगा बाजाराला गेला होता. "बस ना पोरी," ती मुलीला म्हणाली, "तुले तं शिबिरात शिकवलं म्हणतं. पाहू दे मले."

मुलगी बसली. काडीने चाक फिरवले, मातीचा गोळा मधोमध येईना, दोनदा कलंडला. तिसऱ्यांदा उभा राहिला आणि एक बुटके, जाड तोंडाचे गाडगे झाले. आजी जवळ आली. उकिडवी बसली. थोडा वेळ नुसती पाहत राहिली, आणि मग फिरत्या चाकावर त्या गाडग्याच्या ओल्या काठाला तिने दोन बोटे लावली.

"हलते," ती म्हणाली.

ते गाडगे त्या दिवशीच्या आव्यात गेले नाही, ओले होते. पुढच्या आव्यात जाईल. मुलीच्या वडिलांनी विचारले आहे की पुढचा आवा कधी आहे, आणि तिथवर एस.टी. जाते का.